अनुजात औषधे आणि पुराव्याचा भार

ऑगस्ट १८९७ मध्ये जर्मनीतल्या एल्बरफेल्ड इथे, बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत, फेलिक्स हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने दोन आठवड्यांच्या आत दोन पदार्थ बनवले. कृती दोन्हींची एकच: मूळ रेणूवरच्या ऑक्सिजनला अ‍ॅसिटिल गट जोडायचा. सॅलिसिलिक आम्लाला तो जोडला तेव्हा अ‍ॅस्पिरिन मिळाले. मॉर्फिनला जोडला तेव्हा हेरॉइन. दोन्ही पदार्थ त्याआधीही कुणी ना कुणी बनवलेले होते, आणि अ‍ॅस्पिरिनच्या श्रेयावरून पुढे वादही झाला. पण औषध म्हणून ते बाजारात आले बायरकडूनच. हेरॉइन १८९८ मध्ये खोकल्याचे औषध म्हणून विकायला लागले, आणि मॉर्फिनची सवय लागते तशी याची लागत नाही, अशी त्याची ख्याती केली गेली.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. का झाले, ते मात्र फार्मसीच्या वर्गाबाहेर क्वचितच सांगितले जाते. हेरॉइन रक्तातून मेंदूत झपाट्याने शिरते, आणि शरीर ते अ‍ॅसिटिल गट तोडून टाकते. उरते ते पुन्हा मॉर्फिनच. म्हणजे हा नवा पदार्थ जुन्याच पदार्थाला अधिक वेगाने मेंदूपर्यंत नेत होता. अ‍ॅस्पिरिनचा अ‍ॅसिटिल गटही शरीरात सुटतो, पण सुटण्याआधी तो एक काम करून जातो. रक्तातल्या बिंबिकांमधल्या (प्लेटलेट्समधल्या) एका विकराला (एन्झाइमला) तो कायमचा चिकटतो आणि त्या बिंबिकेची गुठळी करण्याची ताकद तिच्या उरलेल्या आयुष्यापुरती कमी करतो. नुसत्या सॅलिसिलिक आम्लाला हे जमत नाही. हृदयविकाराच्या रुग्णाला रोज दिली जाणारी छोटी गोळी त्या एका गटाच्या जोरावर चालते.

मूळ रेणूचा सांगाडा ठेवून त्यावरचा एखादा गट जोडला, काढला किंवा बदलला की जे संयुग मिळते ते त्याचे अनुजात, वर्गात सर्रास म्हणतात ते डेरिव्हेटिव्ह. कागदावर अ‍ॅस्पिरिन आणि हेरॉइन यांच्या समीकरणांत एकाच जातीचा बदल दिसतो. एकाने वैद्यकाला खरोखर नवे काही दिले. दुसऱ्याने जुन्याच विषाला नवे नाव दिले. हा फरक सूत्र पाहून कळत नाही. तो शरीरात गेल्यावर कळतो, म्हणजेच चाचण्यांतून, आकडेवारीतून, पुराव्यातून. मग प्रश्न उरतो तो असा: पुरावा येईपर्यंत समाजाने त्या अनुजाताला काय मानायचे? नवा पदार्थ, की जुनाच? आणि पुरावा कुणी आणायचा?

माझे म्हणणे असे, की पुरावा येईपर्यंत त्याला जुनाच मानावे, आणि 'हे वेगळे आहे' असा दावा ज्याचा, त्यानेच तो सिद्ध करावा. भारताने हे तत्त्व एका कायद्यात २००५ साली लिहून ठेवले आहे आणि ते जपायला हवे. दुःख याचे, की जिथे त्याची तितकीच गरज आहे अशा दुसऱ्या ठिकाणी आपण नेमके उलटे वागतो.

आधी तो कायदा. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली दिलेल्या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, ते बनवण्याच्या प्रक्रियेवर मात्र मिळेल, ही त्याची भूमिका होती. मुंबई, पुणे, हैदराबाद, अहमदाबाद इथला औषधउद्योग त्या सावलीत वाढला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून रेणूवरही पेटंट देणे भाग पडले. त्या वेळी संसदेत झालेल्या दुरुस्तीत कलम ३(डी) ला आजचे रूप आले. त्याचा आशय असा: ज्ञात पदार्थाचे क्षार, एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारे संयुग), ईथर, निरनिराळी स्फटिकरूपे, शरीरात त्यापासून तयार होणारे पदार्थ, शुद्ध रूप, कणांचा वेगळा आकार, समघटक (अणू तेच, रचना वेगळी), मिश्रणे आणि इतर अनुजात हे सारे तोच पदार्थ मानले जातील, गुणकारितेच्या बाबतीत ते लक्षणीयरीत्या वेगळे असतील तरच त्यांना वेगळे मानायचे.

रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला ही यादी पहिल्यांदा वाचताना खटकते. क्षार आणि एस्टर एका ओळीत? कणांचा आकार हे अनुजात कसे? पण कायदा इथे रेणूंचे वर्गीकरण करायला बसलेला नाही. पेटंटची मुदत वीस वर्षे. ती संपत आली की त्याच औषधाचा एक क्षार, मग एक स्फटिकरूप, मग एक समघटक, अशा नव्या अर्जांनी मक्तेदारी लांबवण्याच्या जितक्या वाटा कंपन्यांना ठाऊक आहेत, त्यांची ही यादी आहे. वाट बंद केलेली नाही. फक्त वाटेवर चौकी बसवली आहे आणि तिथे एकच प्रश्न विचारला जातो: रुग्णाला याने जास्त काय मिळाले?

या चौकीची खरी परीक्षा ग्लिव्हेकच्या खटल्यात झाली. ग्लिव्हेक या नावाने विकले जाणारे इमॅटिनिब हे औषध एका प्रकारच्या रक्तकर्करोगावर, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावर, विलक्षण काम करते. जो आजार काही वर्षांत माणूस घेऊन जात असे, तो रोजच्या गोळीवर आटोक्यात राहू लागला. नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या संशोधकांचे ते मोठे यश होते, आणि हे मान्य केल्याशिवाय या खटल्याबद्दल बोलू नये. पण भारतात कंपनीने १९९८ मध्ये जो अर्ज केला तो इमॅटिनिबवर नव्हता. तो त्याच्या मेसिलेट क्षाराच्या बीटा स्फटिकरूपावर होता. हे रूप ओलावा कमी धरते, जास्त टिकते, गोळ्या बनवताना यंत्रातून नीट वाहते. कारखान्यात या गोष्टींना मोल आहे. कंपनीचे म्हणणे होते की मूळ इमॅटिनिबच्या तुलनेत हा पदार्थ शरीरात तीस टक्के अधिक उपलब्ध होतो.

अर्जाला हरकत घेणाऱ्यांत भारतीय औषध कंपन्या होत्या, तशीच मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्थाही होती. कारण उघड होते. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ ते दहा हजारांत मिळत होते. गोळी रोज, आणि ती वर्षानुवर्षे घ्यायची. आपण बहुसंख्य भारतीय रुग्णांना औषध फुकट देतो, असे कंपनी सांगत होती. तशी योजना होतीही. पण ज्याचा जीव एका गोळीवर अवलंबून आहे, त्याला ती दुसऱ्याच्या मर्जीने मिळणे आणि परवडणाऱ्या किमतीत दुकानात मिळणे यांतले अंतर फार मोठे आहे.

चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ च्या जानेवारीत अर्ज नाकारला. मद्रास उच्च न्यायालयाने २००७ मध्ये कलम ३(डी) घटनाबाह्य नसल्याचे सांगितले. शेवटी १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. निकालाचा गाभा मला अत्यंत मोलाचा वाटतो: औषधाच्या बाबतीत गुणकारिता म्हणजे रोगावर होणारा उपचारात्मक परिणाम. स्फटिक चांगला वाहतो, ओलावा कमी धरतो, हे गुणधर्म खरे असतील, पण त्यांचा रोग बरा होण्याशी संबंध नाही. आणि शरीरात तीस टक्के अधिक उपलब्धता? त्यामुळे उपचाराचा परिणामही वाढतो, हे संशोधनाच्या आकड्यांनी दाखवावे लागेल; नुसते गृहीत धरता येणार नाही. ते आकडे न्यायालयापुढे आलेच नाहीत.

हा निकाल संशोधनाच्या मुळावर येईल, अशी ओरड तेव्हा झाली. मला त्यात तथ्य दिसत नाही. निकालाने इमॅटिनिबच्या शोधाची किंमत कमी केली नाही. त्या शोधाचे पेटंट इतर अनेक देशांत कंपनीकडे होतेच. संशोधकाने नवा रेणू शोधावा, त्याने वीस वर्षे त्याचे फळ घ्यावे. त्यानंतर क्षार बदलून आणखी वर्षे मागायची असतील तर रुग्णाच्या शरीरात झालेला फरक दाखवावा. यात अन्याय कुठे आहे? फिलिपिन्सने २००८ मध्ये आपल्या कायद्यात जवळजवळ हेच कलम घेतले, ते उगाच नाही.

याचा ताजा दाखला क्षयरोगाचा. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी कॅनामायसिनची इंजेक्शने महिनोन् महिने घ्यावी लागत. त्यांनी अनेकांचे कान कायमचे गेले. बेडाक्विलिन आल्यावर ही इंजेक्शने टाळून केवळ गोळ्यांवर उपचार शक्य झाले. या औषधाचे भारतातले मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपत होते. पण जॉन्सन अँड जॉन्सनच्या गटातल्या कंपनीने त्याच्या फ्युमरेट क्षारावर मुंबईच्या पेटंट कार्यालयात वेगळा अर्ज केलेला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी डिसेंबर २०२७ पर्यंत गेली असती. या अर्जाला हरकत घेतली दोन तरुणींनी: मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले. दोघीही क्षयातून वाचलेल्या, आणि दोघींचीही श्रवणशक्ती उपचारांत गेलेली. मार्च २०२३ मध्ये अर्ज नाकारला गेला. फ्युमरिक आम्ल जोडल्याने क्षयाच्या जंतूवर वेगळा परिणाम होतो, असे कुणी दाखवू शकले नाही. माझ्या मते कलम ३(डी) ची किंमत समजून घ्यायला हे एक प्रकरण पुरेसे आहे.

अनुजात म्हटले की लबाडी, असा सूर मात्र यातून निघता कामा नये. विसाव्या शतकातल्या वैद्यकाचा मोठा भाग अनुजातांवर उभा आहे. पेनिसिलिनचा गाभा कायम ठेवून त्याची बाजूची साखळी बदलली आणि अँपिसिलिन मिळाले. ज्या जंतूंपुढे जुने पेनिसिलिन थकत होते त्यांतल्या कित्येकांवर ते चालले. आर्टेमिसिनिन पाण्यात नीट विरघळत नाही. त्यापासून केलेले आर्टेसुनेट शिरेतून देता येते आणि गंभीर मलेरियात जीव वाचवते. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीवरचे औषध काही दुसऱ्या औषधांबरोबर घेतले की हृदयाचे ठोके घातक रीतीने बिघडवत असे. शरीरात त्यापासून तयार होणारा पदार्थ, फेक्सोफेनाडिन, तेच काम ती भीती न ठेवता करतो. मूळ औषध बाजारातून गेले, त्याचा वंशज आजही घरोघरी आहे. कलम ३(डी) च्या यादीत शरीरात तयार होणारे पदार्थही आहेत, म्हणून हे उदाहरण महत्त्वाचे. विषारीपणा कमी होणे हेही गुणकारितेत धरावे का, यावर अंतिम उत्तर देण्याची गरज ग्लिव्हेकच्या खटल्यात पडली नाही. माझे मत आहे की धरावे. ज्या अनुजाताने रुग्णाचे हृदय वाचते, त्याने रुग्णाला काहीच जास्त दिले नाही, असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल.

याच्या उलट उदाहरण कॅनामायसिनच्याच घराण्यातले. जंतू आपल्या विकरांनी कॅनामायसिन निकामी करू लागले, तेव्हा जपानमधल्या संशोधकांनी त्याला एक साखळी जोडून अ‍ॅमिकेसिन बनवले. जंतूंच्या अनेक विकरांना ते पकडता येईना. ही खरी प्रगती होती. पण कानावर होणारा आघात तसाच राहिला. एकाच अनुजातात एक गुण नवा आणि एक दोष जुना, असे होऊ शकते, आणि म्हणून प्रत्येक दाव्याचा पुरावा वेगळा मागावा लागतो.

आता दुसरी बाजू. इथे आपला कायदा कसा वागतो ते पाहा.

गुरांना दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. मेलेल्या जनावरातले अंशही पुरतात. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांपैकी नव्याण्णव टक्क्यांहून अधिक पक्षी भारतातून नाहीसे झाले. सरकारने २००६ मध्ये डायक्लोफेनॅकच्या पशुवापरावर बंदी घातली. मग गुरांच्या औषधांत अ‍ॅसिक्लोफेनॅक आले. हे डायक्लोफेनॅकचे एस्टर जातीचे अनुजात आहे. गाईच्या शरीरात ते झपाट्याने डायक्लोफेनॅकमध्ये बदलते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. हेरॉइन आणि मॉर्फिनची तीच गोष्ट. तरीही बंदी यायला ३१ जुलै २०२३ उजाडले. तोवर ते कायदेशीर होते, कारण बंदीच्या आदेशात ज्या रेणूचे नाव होते तो हा नव्हता.

रायगडमधल्या म्हसळ्याकडे, गडचिरोलीत, गावकरी आणि वनखाते गिधाडांसाठी अक्षरशः उपाहारगृहे चालवत होते, तपासलेली, औषधमुक्त मेलेली जनावरे मांडून ठेवत होते. त्याच वर्षांत बंदी असलेले विष दुसऱ्या नावाने गुरांच्या दवाखान्यात मिळत होते. ज्या देशाने पेटंटच्या कायद्यात 'एस्टर म्हणजे तोच पदार्थ' असे स्वच्छ लिहून ठेवले, त्याच देशाच्या बंदीच्या आदेशात एस्टर म्हणजे वेगळा पदार्थ. मक्तेदारीपासून रुग्णाला वाचवताना आपण शहाणपण दाखवले, विषापासून पक्ष्याला वाचवताना ते विसरलो. आणि याची शिक्षा माणसालाही होते: गिधाडे गेली की मेलेली जनावरे उघड्यावर सडतात, भटकी कुत्री वाढतात.

अमली पदार्थांतही तेच. मेफेड्रोन, ज्याला मुंबईत एमडी किंवा म्याव म्याव म्हणतात, ते खाट या वनस्पतीत सापडणाऱ्या कॅथिनोनचे अनुजात. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये मेफेड्रोनबरोबर कॅथिनोनच्या अनुजातांचे कुटुंबच, रासायनिक रचनेची व्याख्या देऊन, बंदीखाली आणले. आपल्याकडे मेफेड्रोनचे नाव एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत फेब्रुवारी २०१५ मध्ये आले. तोवर मुंबईत ते राजरोस पसरले, आणि त्या कायद्याखाली पोलिसांना काही करता येत नव्हते. त्या कायद्यात यादीतल्या पदार्थाचा क्षार धरला जातो, अनुजात धरले जात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला, तेव्हा हे पीक किती फोफावले होते ते दिसले. उद्या कुणी त्या रेणूवर आणखी एक गट बदलला तर आपण पुन्हा नव्या अधिसूचनेची वाट पाहणार.

इथे एक खबरदारी घ्यावी लागेल. फौजदारी कायद्यात पुराव्याचा भार आरोपीवर ढकलणे धोक्याचे आहे. ज्या पदार्थावर बंदी आहे तो आधीच ओळखता येईल असा लिहिलेला असला पाहिजे. म्हणून 'आणि त्याचे सर्व अनुजात' असे मोघम शब्द चालणार नाहीत. कोणत्या सांगाड्यावर कोणत्या जागी कोणते बदल बंदीत मोडतात, हे ब्रिटनसारखे स्पष्ट लिहावे लागेल. संशोधकांना परवाना देण्याची सोपी वाट ठेवावी लागेल, कारण कुटुंबावर सरसकट बंदी आली की त्या कुटुंबातले औषधही शोधले जात नाही. थॅलिडोमाइडने हजारो अर्भकांना अपंग केले, आणि त्याच्याच लेनालिडोमाइड या अनुजाताने पुढे मायलोमा या रक्तकर्करोगाच्या रुग्णांचे आयुष्य वाढवले. मात्र तेही गर्भवतींपासून दूरच ठेवावे लागते, आणि ज्या देशांत ते मिळते तिथे ही अट घालूनच मिळते. मूळ पदार्थाचा दोष अनुजातात असणारच असे धरून चालल्यामुळे त्या बायका वाचल्या.

गुरांच्या औषधांबाबत तर अडचण काहीच नाही. तिथे आरोपी नाही, उत्पादक आहे. ज्या औषधाच्या पशुवापरावर बंदी आहे, त्याचा क्षार, एस्टर किंवा शरीरात त्यातच बदलणारे कोणतेही अनुजात बाजारात आणायचे असेल, तर ते गिधाडांना सुरक्षित आहे हे उत्पादकाने आधी दाखवावे, असा एक नियम पुरे. मेलॉक्सिकॅमसारखे सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत, तेव्हा गुरे दुखण्यात राहतील ही भीतीही नाही. शब्दरचनाही नव्याने शोधायला नको. ती पेटंट कायद्यात तयार आहे.

आणि ज्या कायद्यात ती आहे, तिथेही तिला धक्के बसत आहेत. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधीचे कार्यालय बौद्धिक संपदेवरच्या आपल्या वार्षिक अहवालात कलम ३(डी) वर सातत्याने नाराजी नोंदवते. कलमाला हात न लावताही ते लुळे करता येते. मार्च २०२४ मध्ये पेटंटचे नियम बदलले. पेटंट मंजूर होण्याआधी हरकत घ्यायची तर आता शुल्क भरावे लागते, आणि ती हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी अधिकारी ठरवतो. खोडसाळ हरकतींनी अर्ज वर्षानुवर्षे अडकतात, हे त्यामागचे कारण खोटे नाही. पण कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि क्षयातून उठलेल्या त्या दोघी याच दारातून आत आल्या होत्या. क्षाराच्या अर्जावर 'रुग्णाला जास्त काय मिळाले' हा प्रश्न अधिकाऱ्याच्या टेबलावर कुणीतरी ठेवावा लागतो. रुग्ण आणि रुग्णसंस्था यांच्या हरकतींना शुल्क माफ असावे, एवढी दुरुस्ती सरकारला संसदेत न जाताही करता येईल.